खंबायतचा नारळ

हंसा गुडघ्यापर्यंत चिखलात रुतली होती आणि हसत होती.

मी तिच्यापासून हाकेच्या अंतरावर. अनवाणी, निऱ्या वर खोचलेल्या, हात रिकामे. तिच्या पाठीमागे लांबवर काठ होता, काठावर आमचा टांगा, आणि टांग्याचा घोडा सारखी मान उडवत होता. माझ्या पाठीमागे काय होतं ते मला दिसत नव्हतं. तिला दिसत होतं. तरी ती हसत होती.

"कुंदे," ती ओरडली, "मागं बघू नको. आधी इकडे ये."

मी अर्थातच मागं बघितलं.

*

इथे जरा थांबते. ही गोष्ट आम्ही दोघींनी किती वेळा सांगितली असेल याला गणती नाही, पण या जागेपासून कधीच नाही. सांगायच्या आमच्या दोन रीती ठरलेल्या आहेत. त्या आधी सांगते, म्हणजे काय राहिलं ते कळेल.

घरी सांगितली ती

नारळी पौर्णिमेला, राख्या बांधून झाल्यावर, शेजारची हंसा निंबाळकर मला बडोद्याहून खंबायत दाखवायला घेऊन गेली. जुनं बंदर. एके काळी तिथे अरबस्तानातली गलबतं लागायची. आता समुद्र मागे सरलाय आणि गाव तेवढं मागे राहिलंय. आम्ही जामा मशीद बघितली, अकीकचे मणी घासणारे कारागीर बघितले, सुतरफेणी घेतली. मग टांग्यानं बंदरावर गेलो, तिथे चिखलात पाय घसरला, दोघींच्या साड्या वाया गेल्या. संध्याकाळच्या बसनं परत आलो.

एवढीच.

सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या थोराड बाया, आणि चिखलात खेळून येतात!"

हे म्हणाले, "फेणी मात्र चांगली आहे."

हंसा सांगते ती

ही दिवाळीत सांगायची, तिच्या भावाच्या घरी, फराळाची ताटं पुढ्यात असताना. आणि उभं राहून, हातवारे करून, बडोद्याच्या मराठीत, 'ना'च्या जागी 'ने' म्हणत.

"ही आमची कुंदा मिठबावकर. सासरचं नाव सोडा, ही मरेपर्यंत मिठबावकरच. दर्याची लेक! मला म्हणते, हंसाताई, चिखलात कसं चालायचं ते मी दाखवते. आणि दाखवलं ने! ही चालली हरणासारखी टणाटणा, आणि मी दोन पावलांत खुंटासारखी उभी. पोटात अर्धा शेर हलवासन, ती खंबायतची मिठाई, वर येतेय कुठली! मग हिनं काय करावं? माझी वेणी धरली. वेणी! आणि ओढत नेलं मला, म्हैस नेतात तशी. तेव्हापासून बघा, माझे केस पुढून विरळ झालेत."

सगळे हसायचे. मीही हसायचे. वेणीचं खरं होतं.

राहिलेली

त्याआधीच्या फाल्गुनात मला मुलगी झाली. ती रडली नाही. नर्सनं तिला कापडात गुंडाळून नेलं, तेव्हा नर्सची पाठ तेवढी मला दिसली. त्याच आठवड्यात तिकडे देवगडच्या बाजूला माझे बाबा गेले. तार आली होती, पण मी अंथरुणात, म्हणून कोणी बोललं नाही. तेरावं झाल्यावर सांगितलं. सगळ्यांनी माझ्या काळजीपोटीच केलं ते. कोणावर रागवावं तेही मला कळेना, म्हणून मी कोणावरच रागावले नाही. नीट जेवत होते, नीट बोलत होते. सासूबाई बायकांना सांगायच्या, आमची कुंदा फार लवकर सावरली.

हंसा शेजारच्या दारात राहायची. बडोद्यातच जन्मलेली, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी, लग्न केलेलं नव्हतं. माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला हंसाताई म्हणायचे. दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांची बोलणी जोडून द्यायची, त्यामुळे घरी आली की दोन माणसांचं एकटीच बोलायची. आणि पाण्याला अशी भ्यायची की महीच्या पुलावर बस आली की डोळे गच्च मिटून घ्यायची.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी मी तिच्याकडे एक पिशवी नेऊन दिली. आत बाबांनी घडवून दिलेल्या मोत्याच्या कुड्या आणि मी शिवलेलं दुपटं.

"हे तुमच्याकडे राहू दे, हंसाताई."

"का गं?"

"आमच्याकडे कपाट सारखं कोणी ना कोणी उघडतं."

"बरं. किती दिवस ठेवू?"

"राहू दे."

तिनं पिशवीचं तोंड उघडलं, दुपट्याचा कोपरा बघितला आणि परत बंद केलं.  

"उद्या सुट्टी टाकते," ती म्हणाली. "चाल, कुठेतरी जाऊन येऊ दोघी. तू म्हणशील तिथे."

"समुद्रावर," मी म्हटलं. इतक्या पटकन, की माझं मलाच नवल वाटलं.

तिचा चेहरा पडला. मला वाटलं, पाण्याला घाबरली.

"समुद्रच कशाला? चांपानेरला जाऊ. डोंगर आहे."

"समुद्रावर."

"बरं बाई," ती म्हणाली. "खंबायतला जाऊ. पण मी सांगेन तिथेच उभं राहायचं, आणि माझा हात सोडायचा नाही."

*

बसमध्ये ती सुटलीच. नवरात्रात मला गरब्याला नेणार. माझ्यासाठी घागरा शिवायला टाकलाय.

"माप कुठलं दिलंत?"

"डोळ्यानं घेतलं. मला मापं कळतात. येशील ने?"

"बघू."

"बघू नाही. हो म्हण."

"हो."

"शपथ घे."

"गरब्याला जायची शपथ? वेड लागलंय तुम्हाला?"

वासद गावाच्या अलीकडे महीचा पूल आला. तिनं डोळे मिटले आणि माझं मनगट धरलं. पूल संपला, डोळे उघडले, मनगट सोडलं नाही. हाताला घाम आला होता तिच्या.

खंबायतच्या गल्ल्या दुपारच्या उन्हात ओस पडल्या होत्या. राखीच्या दिवशी माणसं घरोघर असतात, म्हणून असेल. लाकडी माड्या रस्त्यावर झुकलेल्या, कित्येकांना कुलपं. कुठून तरी दगड घासल्याचा एकसुरी आवाज येत होता. एका ओसरीवर दोघे जण अकीकचे मणी घासत होते, त्यांच्या पापण्यांवर लाल धूळ बसली होती. हंसानं माझ्यासाठी एक माळ घेतली आणि तिथेच माझ्या गळ्यात घातली. मशिदीच्या अंगणात आमच्या पावलांखेरीज काही वाजत नव्हतं. एवढं मोठं अंगण, आणि एवढे खांब, की कोणी तरी कुठल्या तरी खांबाआडून बघत असल्यासारखं वाटावं. बाहेर आल्यावर पडक्या तटाचा एक तुकडा दिसला. पूर्वी म्हणे समुद्र त्या तटाला लागायचा.

मी वर चढले. मला फक्त बघायचं होतं, पाणी कुठवर आहे.

कोणी तरी माझा घोटा पकडला. खाली हंसा होती, चेहरा पांढराफटक.

"उतर."

"अहो, काय झालं? एवढासा तट—"

"कुंदा, उतर खाली म्हटलं ने!"

आवाज असा होता की मी उतरले. उतरल्यावर ती भिंतीला टेकून दम खात राहिली. चढले मी होते आणि दम तिला लागला होता.

"इतक्या कशा भित्र्या हो तुम्ही?" मी म्हटलं.

"आहे मी भित्री," ती म्हणाली. "मला घाबरवू नको."

*

टांगेवाल्याचं नाव कासमभाई. म्हातारा, मेंदी लावलेली दाढी. बंदरावर जायचंय म्हटल्यावर त्यानं घोड्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, मग हंसाला म्हणाला, "बेन, जलदी आवजो. आजे पूनम छे. पाणीनो भरोसो नहीं."

"लवकर या म्हणतो," हंसा मला म्हणाली. "पौर्णिमा आहे, पाण्याचा भरवसा नाही."

मी हसले. मला, मिठबावकराच्या मुलीला, हा पौर्णिमा सांगतोय! बाबा आमच्या खाडीवर तर, म्हणजे उतारूंची होडी, चालवायचे, या काठची माणसं त्या काठाला न्यायचे. भरती-ओहोटी मी बोलायच्या आधी शिकले.

"पौर्णिमेला भरती ऐन दुपारी," मी बोटांवर मोजून दाखवलं. "ती होऊन गेली. आता ओहोटी लागली, ती थेट दिवेलागणीपर्यंत. सांगा त्यांना, समुद्र मला ठाऊक आहे."

हंसानं सांगितलं. कासमभाई माझ्याकडे बघून म्हणाला, "कयो समुद्र?" कुठला समुद्र. एवढंच. आणि त्यानं टांगा हाकला.

बंदर म्हणून आम्ही जिथे उतरलो तिथे काही नव्हतं. म्हणजे दगडी बांधाचा एक तुकडा होता, गलबतं बांधायचा एक झिजलेला खांब होता, आणि पुढे नजर पोचेल तिथपर्यंत चिखल. करडा, ओला, चकाकणारा. समुद्राचा वास येत होता, पण समुद्र कुठेच नव्हता. वारा पडलेला. एकही माणूस नाही, एकही होडी नाही. आमच्याकडे ओहोटीला खाडीत बायका कालवं काढत असतात, पोरं ओरडत असतात, कुत्री फिरत असतात. इथे नुसतं ते करडं पसरलेलं. मोठ्या जनावरानं श्वास रोखून पडून राहावं तसं.

माझ्या अंगावर काटा आला. तरी मला तिथे जायचं होतं. काटा आला म्हणूनच जायचं होतं की काय, कोण जाणे.

"हा तुझा समुद्र?" हंसा म्हणाली. "हे तर शेणानं सारवून ठेवलेलं अंगण आहे. चल, झाला बघून. लांबूनच नमस्कार कर."

"पाण्याला हात लावायचाय मला."

"कशाला?"

मी पिशवीतून नारळ काढला. मिठाईच्या डब्यातला सोनेरी कागद जपून ठेवला होता, तो त्याला गुंडाळलेला.

"बाबा दर वर्षी सोडायचे," मी म्हटलं. "या वर्षी सोडायला कोणी नाही."

तिनं नारळाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग ती त्या खांबापाशी मटकन बसली आणि हसायलाच लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"नारळ! तू नारळ सोडायला आलीस!"

"मग कशाला येईन?"

"काही नाही गं बाई, काही नाही. जा, सोड तुझा नारळ. मी इथे बसून हलवासन खाते." आणि सकाळपासून पहिल्यांदा तिनं आपणहून माझा हात सोडला.

आमच्या घरची रीत साधी होती. कमरेएवढ्या पाण्यात जायचं, नारळ सोडायचा, 'बा दर्या, सांभाळ' म्हणायचं आणि वळायचं. वळलं की मागं बघायचं नाही, थेट घरी यायचं. लहानपणी मी बाबांच्या खांद्यावर बसून जायचे आणि हमखास मागं बघायचे. बाबा माझी मान धरून पुढे वळवायचे.

चपला काढून मी चिखलात उतरले. चिखल गार होता, घोट्यापर्यंत. पाय तिरका टाकायचा, टाच आधी उचलायची, एका जागी उभं राहायचं नाही, हे अंगात होतं. निवटे, ते चिखलातले बोटभर मासे, पायांसमोरून टणाटण उड्या मारत बाजूला होत होते. बराच वेळ चालले. मागून हंसाचा आवाज यायचा, "बास की! तिथेच सोड!" मग तोही येईनासा झाला.

पुढे एक नाळ लागली. चिखलातून गेलेली पाण्याची चिंचोळी वाट. मी वाकून नारळ सोडला. म्हणायचं ते म्हटलं.

*

आता सुरुवातीच्या जागी आले.

मागून हाक आली, मी वळले, आणि हंसा चिखलात उभी दिसली. जी महीच्या पुलावर डोळे मिटायची, ती हंसा, चपलांसकट, हलवासनच्या डब्यासकट, अर्धी वाट चालून आली होती आणि गुडघ्यापर्यंत रुतली होती. हसत होती. मागं बघू नको म्हणाली. मी बघितलं.

लांबवर, जिथे चिखल आणि आभाळ एक होत होतं, तिथे एक पांढरी रेघ होती. आधी मला वाटलं, बगळे बसलेत. मग रेघ जाड झाली. मग आवाज आला, गिरणीचा पट्टा सुरू होतो तसा, पायाखालून येणारा. आणि माझ्या आजूबाजूला मघापासून उड्या मारणारे निवटे एकदम दिसेनासे झाले. सगळे बिळांत.

काठावर कासमभाई डोक्याचं फडकं सोडून हलवत होता. घोडा उभा राहत नव्हता.

मी धावले. काठाकडे नाही, तिच्याकडे. वाट तीच होती, म्हणून यात माझं काही कौतुक नाही. पण तिच्यापाशी पोचले तेव्हा ती उजवा पाय सरळ वर ओढत होती, आणि जितका ओढत होती तितका डावा खाली जात होता.

"ओढू नको!" मी ओरडले. "अगो हंसे, ओढू नको! मागे बस! खुर्चीत बसतात तशी बस!"

"चिखलात बसू?"

"बस म्हणतंय ना! मरशील मेल्ये!"

ती बसली. मी साडी फेडली, दुहेरी करून तिच्या मागे चिखलावर पसरली आणि तिला साडीवर उताणं पाडलं. मग तिच्या गुडघ्याच्या कडेनं हात खुपसून चिखल मोकळा करायला लागले. कोपरापर्यंत हात आत. आवाज वाढत होता. आमच्या आणि काठाच्या मध्ये मघाशी ओलांडलेला एक खोलगट भाग होता, तिथे आता पाणी चमकायला लागलं होतं. म्हणजे पाणी मागूनही येत होतं. आमच्याकडे पाणी समोरून येतं, एकाच बाजूनं, आणि वेळ देऊन येतं. इथे ते चोहोकडून येत होतं.

आमच्या खाडीवर माझा हिशेब बरोबर होता. खंबायतला भरती आखातात शिरत शिरत कितीतरी उशिरा पोचते. आमच्याकडे जेव्हा ओहोटी निम्मी होते, तेव्हा तिथे भरती सुरू होते. हे मला पुढे कधी तरी कळलं. त्या वेळी एवढंच कळलं, की हा आमचा समुद्र नाही.

"हंसे, बोट हलव. पायाची बोटं हलव!"

"हलवतेय."

"भिऊ नको."

"मी भीत नाही," ती म्हणाली. ती उताणी, चेहऱ्यावर चिखल, डोळे आभाळाकडे, दात वाजत होते. "मघाशी भीत होते. आता नाही."

"बोलू नको."

"बरं झालं मी रुतले, कुंदे." आणि ती परत हसली. "आता मला काढल्याशिवाय तुला मरता यायचं नाही."

माझे हात चिखलात थांबले.

पहिलं पाणी आलं ते पातळ होतं, फेसाचं, माझ्या पोटऱ्यांना लागून पुढे गेलं. मग लगेच दुसरं. तिच्या पायाभोवती मी केलेल्या भोकांत ते भसाभस शिरलं आणि चिखल सैल झाला. उजवा पाय सुटला. मी डावा धरला आणि मिठीत घेऊन मागे पडले. चप्पल आतच राहिली, पाय आला. तोवर पाणी मांड्यांना. उभं राहायच्या आत कमरेला. पाणी नव्हतंच ते, पातळ झालेला चिखल होता, आणि त्याला जोर असा, की खांबाला धरून असतो तर खांब उपटला असता.

"उताणी राहा! वर बघ! तोंड मिट!"

तिनं माझा गळा धरला. बुडणारा माणूस असाच धरतो. मी तिचे हात सोडवले, तर तिनं परत धरला. तिसऱ्यांदा सोडवले आणि तिच्या पाठीमागे जाऊन तिची वेणी मनगटाला गुंडाळली. तिची वेणी गुडघ्यापर्यंत होती, दोरखंडासारखी. एका हातानं पोहत, एका हातानं वेणी ओढत. पाण्याला काठाकडेच जायचं होतं, आम्हाला त्यानं उचललं आणि नेलं. मध्येच ती बुडाली. वेणी ताणली गेली, मग हलकी झाली. त्या हलकेपणाची भीती मला अजून स्वप्नात येते. मग ती खोकली. तो खोकला मी कधी विसरणार नाही.

कासमभाई लगाम हातात घेऊन छातीपर्यंत पाण्यात आला होता. त्यानं लगाम फेकला. मी धरला.

*

बांधावर आम्ही पडलो होतो. खाली, जिथून मी मघाशी अनवाणी उतरले होते, तिथे लाटा बांधाला आपटत होत्या. माझ्या चपला गेल्या होत्या. अंगण गेलं होतं. आभाळापर्यंत पाणी.

हंसा ओकत होती, शिव्या देत होती, मराठीत आणि गुजरातीत. डोक्याला हात लावून बघत होती. "केस राहिलेत का एक तरी? मेली! म्हैस समजलीस का मला?"

ओली साडी कशीबशी सापडली होती, ती मी अंगाला गुंडाळून बसले होते.  

कासमभाई बांधाच्या कडेला वाकला, पाण्यातून काही तरी उचललं आणि आमच्याकडे घेऊन आला.

"बेन, तमारुं नारियेळ."

सोनेरी कागद निम्मा निघालेला. आमच्या आधीच येऊन काठाला लागला होता.

हंसानं तो हातात घेतला. फिरवून बघितला. तिला समुद्रातलं काही कळत नव्हतं, पण डोकं फार चालायचं तिचं. दिवसभर तारा जोडण्यात गेलेलं.

"हा इथे कसा आला?" ती म्हणाली. "तू तर तिकडे सोडलास. मी बघत होते. तू वाकलीस, नारळ सोडलास, मला दिसलं. मी म्हटलं, झालं, आता वळेल."

मी साडीचा काठ पिळत राहिले.

"तू वळली नाहीस. तू पुढे चालायला लागलीस. म्हणून मी उतरले."

घोडा फुरफुरला. कासमभाई त्याच्याकडे गेला. त्याला मराठी कळत नव्हतं, पण तो गेला.

"आणि नारळ?" हंसानं विचारलं. "समुद्र तिकडे होता ने? मग नारळ इकडे कसा आला?"

"पाणी आत यायला लागलं होतं," मी म्हटलं. "नारळ सोडला तसा तो माझ्या पायांवरून उलटा, काठाकडे गेला."

"तुला दिसलं ते?"

होडी चालवणाऱ्याची मुलगी होते मी. वाहतं पाणी कुठल्या बाजूला जातंय एवढं आम्हाला अंधारातसुद्धा कळतं.

"दिसलं होतं तुला," हंसा म्हणाली. तिनं विचारलं नव्हतं.

ती उठली. अनवाणी टांग्याशी गेली आणि नारळ चाकाच्या लोखंडी धावेवर आपटला. एकदा, दोनदा. फुटला. पाणी सांडलं. तिनं नखांनी एक तुकडा काढला आणि माझ्या तोंडापाशी धरला.

"आमच्यात परत आलेला नारळ खात नाहीत," मी म्हटलं.

"मला तुमची रीत ठाऊक नाही. खा."

मी खाल्ला. खारट झाला होता. तिनं एक तुकडा कासमभाईला दिला, एक घोड्याला, एक आपण खाल्ला. चावता चावता ती रडत होती, पण चेहरा आधीच ओला होता.

*

बसमध्ये लोक आमच्याकडे बघत होते. आम्ही सगळ्यात मागे बसलो. खिडकीशी मी बसायला गेले तर तिनं मला आत घेतलं नाही, स्वतः खिडकीत बसली. मग म्हणाली, "नाही, तू इकडे," आणि परत जागा बदलली. कुठली जागा बरी ते तिला ठरवता येईना. शेवटी तिनं आपला पदर घेतला, माझा पदर घेतला, आणि दोन्हींची गाठ मारली. लग्नात मारतात तशी, पण घट्ट. ओल्या कापडाची गाठ.

"हे काय?"

"मला झोप येतेय. तू उठलीस तर मला कळायला हवं."

"मी कुठे उठणार आहे?"

"ते मला काय ठाऊक?" ती म्हणाली आणि डोळे मिटले.

वासद मागे पडलं आणि महीचा पूल आला. मी तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे उघडे होते. खाली पुराचं लाल पाणी दोन्ही काठ भरून चाललं होतं, आणि ती त्याच्याकडे बघत होती, पापणी न हलवता, राखणीला बसल्यासारखी.

बडोद्याला, दांडिया बाजारात उतरलो तेव्हा दिवे लागले होते. दोघी अनवाणी, चिखल वाळून अंग पांढरं पडलेलं. गल्लीतली पोरं हसली. आमच्या दाराशी आल्यावर हंसा थांबली. तिचं दार त्याच्याच पलीकडे. ती गाठीकडे बघत होती, पण सोडत नव्हती.

"जा आत," ती म्हणाली. "सासूबाई वाट बघत असतील."

"ती पिशवी द्या," मी म्हटलं.

"कुठली?"

"काल दिलेली. दुपट्याची."

"एवढ्यात?"

"हो."

गाठ तशीच होती, म्हणून पिशवी आणायला आम्ही दोघीही तिच्या घरात गेलो.